ते विमान दुरुस्त झालं का, हे कुठे तपासायचं? – नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना पेडण्याहून खुले पत्र

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी पेडणे तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. तेहतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. मोपाच्या ज्या सड्यावर आज विमानतळ उभा आहे, तिथे लहानपणी आम्ही काजूच्या बिया गोळा करायला आणि करवंदं काढायला जायचो. ५ जानेवारी २०२३ ला तिथून विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून माझ्या अंगणातून ती दिवसभर दिसतात. गावातली मुलं तिथे कामाला आहेत. चवथीला मुंबई-दुबईची माणसं तिथेच उतरतात. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गचे लोकही आता मोपालाच येतात. त्यामुळे विमानाची सुरक्षा हा विषय आमच्यासाठी दिल्लीतला राहिलेला नाही, दारातला झाला आहे. आपण पुण्याचे, म्हणून हे मराठीतच लिहिते. खात्याचे कॅबिनेट मंत्री राममोहन नायडूसाहेबांच्या कानावर आपण ते घालाल असा विश्वास आहे.

२९ नोव्हेंबर २०२५ ला, शनिवारी, मी मुंबईला निघाले होते. भाचीचा साखरपुडा होता. आदल्याच दिवशी इफ्फी हा गोव्यातला चित्रपट महोत्सव संपलेला, त्यामुळे मोपाला बसायला जागा नव्हती. आमचं विमान काचेपलीकडे उभं असलेलं दिसत होतं, पण बोर्डिंग काही सुरू होईना. तासाभराने काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "टेक्निकल रिझन आहे, मॅडम." कसलं रिझन, हे तिलाही कोणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या शेजारी बांद्याचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मुंबईत डॉक्टरांची वेळ घेतलेली, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. तीन तासांत ते पाच वेळा उठून विचारून आले आणि पाचही वेळा तेच उत्तर घेऊन आले.

खरं काय ते मला माझ्या बहिणीच्या मुलाकडून कळलं. तो विमान देखभालीचा इंजिनियर आहे, दुसऱ्या एका शहरात रात्रपाळीला असतो. फोन केला तर म्हणाला, "मावशी, आज सगळीकडे एकच गडबड आहे. ईलॅक."

मग त्याने समजावून सांगितलं. एअरबस कंपनीच्या ए-३२० जातीच्या विमानात पायलटच्या हाताशी जी छोटी दांडी असते, तिच्यापासून पंखापर्यंत तार किंवा कप्पी गेलेली नसते. दांडीचा इशारा संगणकाकडे जातो आणि कुठली पट्टी किती हलवायची ते संगणक ठरवतो. नाक वर-खाली करणारे एलिव्हेटर आणि विमान डावी-उजवीकडे कलवणारे एलेरॉन ज्यांच्या ताब्यात असतात, ते दोन संगणक म्हणजे ईलॅक. ३० ऑक्टोबर २०२५ ला मेक्सिकोतल्या कॅनकूनहून न्यूअर्कला चाललेल्या एका ए-३२० विमानाने पायलटने काही केलेलं नसताना एकदम नाक खाली टाकलं. विमान फ्लोरिडातल्या टॅम्पाला उतरवलं आणि १५ ते २० जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सारामुळे या संगणकातली माहिती बिघडू शकते, असं एअरबसने तपासानंतर सांगितलं. २८ नोव्हेंबरला युरोपच्या नियामकाने तातडीची एडी काढली, म्हणजे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, उड्डाणयोग्यतेचा सक्तीचा आदेश. बाधित ईलॅक बदला किंवा दुरुस्त करा, नाहीतर विमान उडवू नका. जगभरात अशी सुमारे सहा हजार विमानं होती. आपल्या देशात ३३८ : इंडिगोची २००, एअर इंडियाची ११३ आणि एअर इंडिया एक्स्प्रेसची २५.

विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला यातली एक गोष्ट विशेष वाटली. दुरुस्ती म्हणजे नवं सॉफ्टवेअर घालणं नव्हतं, नवं काढून जुनं परत घालणं होतं. एल १०४ ही आवृत्ती काढायची आणि आधीची एल १०३ प्लस बसवायची. भाच्याने त्या रात्री हे काम किती विमानांवर केलं ते त्याच्या लक्षातही नाही. विमान त्याच्या उभं राहायच्या जागेला लागलं की सॉफ्टवेअर चढवायचं यंत्र जोडायचं, सॉफ्टवेअर चढवायचं, मग कॉकपिटातल्या स्क्रीनवर तो क्रमांक उमटलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, तपासणी करायची आणि मगच सही. "एक्याण्णव टक्के चढलं आणि अडकलं, की परत पहिल्यापासून," तो म्हणाला. "थंडीत घाम फुटला, मावशी. पण सही माझी आहे ना." सही माझी आहे, हे त्याचं वाक्य मी हे पत्र लिहिताना सारखं आठवते आहे.

त्या दोन दिवसांत आपल्या खात्याने जे केलं त्याचं मी मनापासून कौतुक करते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, तोच आदेश आपल्याकडेही बंधनकारक केला. शिवाय कुठल्या कंपनीची किती विमानं, त्यातली किती झाली, किती उरली, हे आकडे वेळोवेळी जाहीर केले. हे आकडे मी मोपाला बसल्या बसल्या मोबाइलवर वाचले आणि शेजारच्या बांद्याच्या गृहस्थांनाही दाखवले. त्यांचा चेहराच बदलला. "मग करूंद्या की, सावकाश करूंद्या. हे आधी सांगायचं तर," एवढंच ते बोलले आणि पुन्हा काही विचारायला उठले नाहीत. उशीर झाला म्हणून ते चिडलेले नव्हतेच. उशीर कशासाठी हे कोणी सांगत नव्हतं, त्याचा त्यांना त्रास होता.

साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की त्या दोन दिवसांत जे जमलं ते एरवीही व्हावं. आणि ते तसं होत नाही, म्हणून हे पत्र.

उड्डाण नियंत्रण यंत्रणेतले दोष किती वेळ घेतात हे मी गेल्या दोन महिन्यांत वाचून काढलं. वाचून झोप लागली नाही असे दिवस गेले. बोइंग ७३७ च्या शेपटीतल्या रडरची, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पट्टीची, गोष्ट घ्या. ३ मार्च १९९१ ला कोलोरॅडो स्प्रिंग्सला उतरता उतरता एक ७३७ कोसळलं, २५ माणसं गेली. कारण सापडेना. ८ सप्टेंबर १९९४ ला पिट्सबर्गजवळ दुसरं कोसळलं, १३२ माणसं गेली. तरी ठाम काही हाती लागेना. शेवटी तपास करणाऱ्यांनी रडर हलवणाऱ्या यंत्राचा एक संच घेतला, तो गारठवून ठेवला आणि त्यात गरम हायड्रॉलिक तेल सोडलं. आतल्या झडपेचे एकात एक बसणारे भाग वेगवेगळ्या वेगाने फुगले आणि झडप अडकली. तशी ती अडकली की पायलटने उजवा पाय दाबला तरी रडर डावीकडे जाऊ शकत होतं. धातू तापला की प्रसरण पावतो, हे मी आठवीच्या वर्गात गोळा आणि कडं घेऊन शिकवत आले. तेवढ्याच गोष्टीने विमान उलटं वळू शकतं, हे समजायला आठ वर्षं लागली. अमेरिकी तपास मंडळाचा अहवाल १९९९ चा, रडरची रचना बदलण्याचा सक्तीचा आदेश २००२ चा, आणि त्या आदेशात कंपन्यांना दिलेली मुदत सहा वर्षांची. पहिला अपघात १९९१ ला, शेवटची मुदत २००८ ला. या सतरा वर्षांत ७३७ मध्ये बसलेल्या कोणाला यातलं काय ठाऊक होतं?

बोइंगच्याच ७३७ मॅक्स या नव्या विमानाची गोष्ट आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तरी तिच्यातली एकच जागा दाखवते. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं विमान जकार्ताजवळ समुद्रात पडलं. १८९ माणसं गेली, कॅप्टन आपले दिल्लीचे होते. हवेचा कोन मोजणारा एक सेन्सर सुमारे २१ अंशांनी चुकीचा आकडा देत होता आणि एमकॅस नावाची प्रणाली त्या एकट्याच सेन्सरवर विसंबून पुन्हा पुन्हा नाक खाली दाबत होती. दुसरा सेन्सर विमानावर होता, पण ही प्रणाली त्याला विचारतच नव्हती. त्यानंतर दहा दिवसांच्या आत अमेरिकी नियामकाने तातडीची एडी काढली. ती सक्तीची होती, पण सक्ती कशाची? पायलटच्या पुस्तकातली पानं बदलण्याची. यंत्रणा होती तशीच राहिली. १० मार्च २०१९ ला इथिओपियात दुसरं विमान पडलं, आणखी १५७ माणसं गेली. मग विमानं जमिनीवर आणली, मग दोन्ही सेन्सरांची तुलना करणारं सॉफ्टवेअर आलं, मग नोव्हेंबर २०२० ला अमेरिकेने परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२१ ला आपण. म्हणजे आदेश निघाला एवढ्यावर समाधान मानता येत नाही. त्या आदेशाने नेमकं काय बदललं हेही विचारावं लागतं. मोपाला आज मॅक्स विमानं रोज उतरतात. माझी नात त्यातूनच येते-जाते. ती पुस्तकातल्या पानांच्या भरवशावर बसलेली नसावी, यंत्राच्या भरवशावर बसलेली असावी.

याच मॅक्ससाठी अमेरिकेच्या संसदेने २०२२ च्या अखेरीस आणखी दोन सुधारणा सक्तीच्या केल्या आहेत. हवेच्या कोनाचा आकडा पडताळायला आणखी एक सोय, आणि खोटे इशारे पायलटला बंद करता यावेत अशी दुसरी. पण जुन्या विमानांसाठी मुदत ठेवली ती मॅक्स १० या मॉडेलला प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीन वर्षांची. म्हणजे आपल्या डोक्यावरून उडणाऱ्या विमानांची मुदत दुसऱ्याच एका मॉडेलच्या कागदपत्रांना बांधलेली आहे. आपल्या कंपन्यांनी हे काम कुठल्या महिन्यापर्यंत करायचं, याचं आपलं वेळापत्रक डीजीसीएने ठरवून जाहीर करायला काय हरकत आहे?

आता त्याहून अवघड जागेकडे येते. सक्तीचा आदेश निदान सक्तीचा असतो. विमान ज्या देशात घडलं त्या देशाच्या नियामकाची एडी आपल्याकडेही बंधनकारक धरली जाते, तेवढा भाग नीट आहे. पण सक्ती नसलेल्या सूचनांचं काय होतं?

१२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जीव गेले. मृतांमध्ये पोर्तुगालचे सात नागरिक होते. पोर्तुगीज पासपोर्टवर लंडन गाठणारी माणसं म्हणजे पूर्वीच्या पोर्तुगीज मुलखातली, गोवा-दमण-दीवकडची, हे गोव्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वाड्यावर त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत, असं म्हटलं तरी चालेल, इतक्या घरांतून फोन लागत होते. एक महिन्याने प्राथमिक अहवाल आला. त्यात लिहिलं आहे की इंजिनाचं इंधन बंद-चालू करणाऱ्या स्विचच्या कुलपाबद्दल अमेरिकी नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये एक माहितीपत्रक काढलं होतं. त्यात सुचवलेली तपासणी त्या विमानावर झाली नव्हती, कारण ती सल्ल्याच्या स्वरूपाची होती, बंधनकारक नव्हती. त्या स्विचमुळे अपघात झाला असं मी अजिबात म्हणत नाही. ते चौकशी करणारे सांगतील. शिवाय हा भाग इंजिनाचा, उड्डाण नियंत्रणाचा नव्हे, हेही मला कळतं. पण पुढे काय झालं ते बघा. १४ जुलैला डीजीसीएने हीच तपासणी सक्तीची केली, २१ जुलैपर्यंत पूर्ण करा म्हणून सांगितलं. आठवड्याभराचं काम होतं. ते साडेसहा वर्षं कोणी करायला लावलं नव्हतं.

सल्ला आला तेव्हा आपल्याकडे कोणीतरी तो वाचला असेल. वाचून काय ठरवलं? आपल्याकडे गरज नाही, असं ठरवलं असेल तर ते कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने? की कोणी काही ठरवलंच नाही आणि तो नुसता पडून राहिला? माझ्या भाच्याला एका विमानाच्या एका सॉफ्टवेअरसाठी स्वतःची सही करावी लागते आणि त्या सहीपायी त्याचं लायसन पणाला लागतं. मग सल्ला बाजूला ठेवणाऱ्याचीही सही असायला हवी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये डीजीसीएने एक चांगलं काम केलं होतं, तेही सांगायला हवं. अमेरिकेत न्यूअर्कला उतरताना एका ७३७ चे रडरचे पेडल एका सदोष भागामुळे अडकले होते. त्यावर तिथल्या तपास मंडळाने शिफारस केली आणि काही दिवसांतच आपल्या कंपन्यांना सूचना गेल्या. म्हणजे इच्छा असली की वेळ लागत नाही. पण त्या सूचनांनंतर कोणत्या विमानात तो भाग सापडला, कोणत्या विमानातला बदलला, हे मला आज शोधूनही सापडत नाही.

कोणी म्हणेल, बाई, हे तांत्रिक आहे, लोकांना सांगून काय उपयोग, उगाच घबराट होईल. घबराट कशाने होते ते आम्ही गोवेकरांनी नुकतंच बघितलं. ६ डिसेंबरच्या रात्री हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसं गेली. बांधकाम पाडायची नोटीस आधीच निघाली होती आणि वरून तिला स्थगिती मिळाली होती, असं सरपंचांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोपर्यंत आत जाणाऱ्या एकाही माणसाला ते ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात पायलटांच्या विश्रांतीचे नियमही आपण पाहिले. १ नोव्हेंबरपासून लागू होणार हे महिनोन्‌महिने आधी ठरलेलं होतं. तरी विमानं रद्द होऊन हजारो लोक ताटकळले आणि ५ डिसेंबरला त्या नियमांतून एका कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. उद्या सॉफ्टवेअरच्या मुदतीलाही अशीच सूट मिळाली, तर ती आम्हाला कळणार आहे का?

मनुष्यबळाचा प्रश्न आहे, हे मला मान्य आहे. संसदेच्या स्थायी समितीनेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की डीजीसीएतल्या १,०६३ मंजूर पदांपैकी फक्त ५५३ भरलेली होती. अर्ध्या माणसांनी हजारो पानांची पत्रकं वाचायची, विमानं तपासायची, मुदती पाळल्या का ते बघायचं. एका वर्गात एकशे वीस मुलं बसवली की वह्या तपासून होत नाहीत, हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. वह्या तपासल्याचा शिक्का तेवढा बसतो. ही पदं भरणं आपल्या खात्याच्या हातात आहे.

पण पदं भरेपर्यंत थांबायची गरज नाही. उड्डाण नियंत्रणासंबंधी कुठलाही सक्तीचा आदेश आला की तो कशाबद्दल आहे, आपल्या देशातल्या कुठल्या विमानांना लागू आहे, मुदत कधीची आणि काम झालं की नाही, हे विमानाच्या नोंदणी क्रमांकानुसार डीजीसीएच्या संकेतस्थळावर ठेवा. कंपन्यांकडे ही नोंद असतेच, त्याशिवाय विमान सोडता येत नाही. ती फक्त उघडी करायची आहे. आणि सल्ला म्हणून आलेल्या प्रत्येक सूचनेवर ठरलेल्या दिवसांत डीजीसीएने लेखी निर्णय द्यावा : आपल्याकडे सक्ती करतो, किंवा करत नाही आणि का नाही. खाली नाव आणि सही. तीस दिवस म्हणा, पंचेचाळीस म्हणा, पण दिवस ठरवा. उशिराचं कारण सुरक्षेची दुरुस्ती असेल तर काउंटरवरच्या पोरीला तेवढं एक वाक्य सांगायची मुभा द्या, मोपाला मराठीत आणि कोकणीतही.

विमान धावपट्टीकडे निघालं की पायलट एकदा सगळ्या पट्ट्या हलवून बघतो. खिडकीतून दिसतं : पंखाच्या टोकाकडची पट्टी वर जाते, खाली येते, पुन्हा सरळ होते. पूर्वी मी तिकडे बघत नसे. त्या शनिवारी, शेवटी आमचं विमान निघालं तेव्हा, मी आणि बांद्याचे गृहस्थ दोघेही वाकून बघत होतो. पावसाळ्यात मोपाच्या सड्यावर वारा आडवा येतो. तेव्हा उतरताना तीच पट्टी क्षणाक्षणाला थरथरत विमान सरळ धरून ठेवते.

उतरल्यावर मी शेपटीजवळचा क्रमांक वहीत लिहून घेतला. व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं. आता प्रत्येक प्रवासात लिहून घेते, वहीत असे सात क्रमांक झाले आहेत. पुढच्या महिन्यात नात येणार आहे, आठवा क्रमांक तिच्या विमानाचा असेल. हे क्रमांक कुठे तपासायचे, तेवढं आपण कळवावं, ही विनंती.

आपली,
पेडणे तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका